शमीची टाच : वर्षभराचा वनवास

एकदिवसीय क्रिकेटच्या २०२३च्या विश्वचषकात अवघ्या सात सामन्यांत २४ बळी घेणारा मोहम्मद शमी त्यानंतर सुमारे वर्षभर मैदानाबाहेर राहिला. कारण होते अकिलीस टेंडनची दुखापत.

पोटरीच्या स्नायूंना टाचेच्या हाडाशी जोडणारी ही शरीरातील सर्वांत जाड कंडरा. धावताना शरीराच्या वजनाच्या कित्येक पट भार ती पेलते. मात्र तिला होणारा रक्तपुरवठा तुटपुंजा असतो. त्यामुळे झालेली इजा भरून येण्यास महिने लागतात. वेगवान गोलंदाजाला तर चेंडूगणिक हा ताण सोसावा लागतो.

शमीवर फेब्रुवारी २०२४मध्ये लंडन येथे शस्त्रक्रिया झाली. अशा शस्त्रक्रियेनंतर प्रथम टाचेला विश्रांती, मग चालणे, पोटरीचे बळ वाढवणारे व्यायाम आणि सर्वांत शेवटी धावणे, असा क्रम असतो. खेळाडूच्या संयमाची खरी कसोटी येथेच लागते, कारण वेदना थांबली तरी कंडरा पूर्ववत झालेली असतेच असे नाही. घाई केल्यास ती पुन्हा दुखावते.

त्यातच शमीच्या गुडघ्याला सूज आली. अखेर नोव्हेंबर २०२४मध्ये इंदूर येथील रणजी सामन्यात बंगालकडून खेळताना त्याने मध्य प्रदेशचे सात गडी टिपले. तरीही गुडघा पुन्हा सुजल्याने त्याचा ऑस्ट्रेलिया दौरा हुकला. जानेवारी २०२५मध्ये राजकोट येथे तो पुन्हा भारताकडून खेळला. पुढच्याच महिन्यात चॅम्पियन्स करंडक स्पर्धेत दुबई येथे त्याने बांगलादेशचे पाच फलंदाज बाद केले.