थांबलेल्या गाडीचं मीटर

ज्यांना एपिसोड ऐकायला वेळ मिळाला नाही, किंवा बसमध्ये इअरफोन विसरलेत, त्यांच्यासाठी हे लेखी रूप. बोललो तसंच ठेवलंय, फक्त थोडं आवरून घेतलंय.

आधी एक खुलासा. मी कर्जतचा. मुंबईच्या लोकलवालं कर्जत नाही हं, ते रायगडमधलं. आपलं कर्जत अहिल्यानगर जिल्ह्यातलं, राशीन, मिरजगाव, रेहेकुरीच्या काळविटांचं. पुण्यात ऑफिसमध्ये "कर्जतहून आलो" म्हटलं की हमखास कुणीतरी विचारतं, "मग लोकलनं येतोस का?" आमच्याकडं लोकल नाही. ट्रक मात्र भरपूर आहेत. ऊस, साखर, कांदा, ज्वारी. जे पिकतं ते कुठंतरी न्यावं लागतं, आणि ते नेणारा माणूस जवळपास प्रत्येक वाडीवस्तीवर सापडतो.

आमच्या घरात तो माणूस म्हणजे माझे मामा. बावीस वर्षं स्टिअरिंगवर. आधी दुसऱ्याच्या गाडीवर, आता स्वतःची दहाचाकी, अर्थात बँकेच्या हप्त्यावर. मागच्या उन्हाळ्यात त्यांचा फोन आला आणि त्यांनी मला एक प्रश्न विचारला. आजचा एपिसोड म्हणजे त्या प्रश्नाचं उत्तर शोधायचा प्रयत्न.

झालं काय होतं

सोमवारी दुपारी चार वाजता मामांनी साखर भरली. पन्नास किलोची ३६० पोती, म्हणजे १८ टन. जायचं होतं भिवंडीला, किराणा मालाच्या एका मोठ्या गोदामात. गोदाम कुणाचं ते सोडून द्या, कारण गोष्ट एकाची नाहीच.

राशीन, खेड, भिगवण करत सोलापूर हायवेला लागायचं, पुणं ओलांडायचं, बोरघाट उतरायचा, कळंबोलीवरून मुंब्रा बायपासनं मानकोलीला निघायचं. सगळं मिळून तीनशेच्या आसपास किलोमीटर. ठाण्याच्या बाजूला अवजड गाड्यांना ठरावीक वेळेतच सोडतात, म्हणून मामा रात्रभर चालवून पहाटे साडेपाचला गेटवर हजर झाले. स्लॉट होता सकाळी नऊचा.

गाडी डॉकला लागली रात्री साडेदहाला.

सतरा तास. त्यानंतर माल उतरायला दोन तास, कागद हातात यायला आणखी अर्धा. रात्री एकला बाहेर पडले. आत गाडी उभी करायला परवानगी नाही, बाहेरच्या रस्त्यावर जागा नाही, आणि सकाळी पुण्यातून परतीचा माल भरायचा होता. म्हणून निघाले. बोरघाट चढताना दोनदा डुलकी लागली. दुसऱ्या वेळी कडेच्या पट्टीवर चाक गेलं, तो खडखडाट झाला म्हणून जाग आली.

हे सगळं त्यांनी हवापाणी सांगावं तसं सांगितलं. शेवटी म्हणाले, "तू कॉम्प्युटरवाला ना? मग एवढंच सांग. मी सतरा तास थांबलो, त्याची नोंद कुठं झाली?"

"थांबला होतात ना, मग झोपायचं की!"

मीही हेच म्हणालो होतो, म्हणून तुम्ही म्हणालात तर दोष देणार नाही. पण रांगेत उभी असलेली गाडी आणि ढाब्यावर उभी असलेली गाडी यात फरक आहे. रांग दर अर्ध्या-पाऊण तासानं एक गाडी पुढं सरकते. तुम्ही सरकला नाहीत तर मागचा पुढं घुसतो. कधीही गाडीचा नंबर पुकारतात. आवाज ऐकू आला नाही तर नंबर गेला. मालावर ताडपत्री आहे, तिच्यावर लक्ष. टाकीत डिझेल आहे, त्याच्यावर लक्ष. हल्ली बऱ्याच गाड्यांवर किन्नर नसतो, मग हे सगळं एकट्यानं. जेवण, संडास, अंघोळ, सगळं त्या दोन पुकाऱ्यांच्या मध्ये उरकायचं.

आणि एप्रिलमधली केबिन. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या नव्या मालट्रकांना एसी केबिन सक्तीची झाली, ही चांगली गोष्ट. पण रस्त्यावर धावतायत त्या जास्त करून आधीच्या. मामांची गाडी त्यातलीच.

थोडक्यात, थांबणं म्हणजे आराम नाही. ती ड्युटीच आहे, फक्त तिचा पगार नाही.

गोदामं भिवंडीतच का?

मुंबईत माल आणला की महापालिकेची जकात लागायची. ती १ जुलै २०१७ ला, जीएसटी आला तेव्हा बंद झाली. तोवर व्यापाऱ्यानं सोपा हिशोब केला होता: माल हद्दीबाहेर साठवायचा आणि लागेल तेवढाच आत आणायचा. भिवंडी हद्दीबाहेर, आग्रा रोडवर, बंदरापासूनही फार लांब नाही. म्हणून मानकोली, राहनाळ, वळ, पूर्णा, दापोडे अशा गावांच्या शेतात गोदामं उभी राहिली. जकात गेली, गोदामं राहिली आणि वाढली. पण मुळात ती गावं. रस्ते बैलगाडीच्या मापाचे आणि त्यांवर आता दहाचाकी, बाराचाकी. ट्रक उभे करायला जागा ठेवावी असं तेव्हा कुणाच्या डोक्यात आलं नसावं.

रांग एवढी फुगते का?

आता थोडा माझा विषय. घाबरू नका, गणित छोटं आहे.

कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत एर्लांग नावाचा एक गणिती होता. लोक फोन लावतात, लाइन बिझी असते, मग किती लाइनी ठेवायच्या, यावर त्यानं १९०९ मध्ये एक लेख लिहिला. रांगेचं शास्त्र तिथून सुरू झालं. आज सर्व्हर किती लावायचे हे आम्ही त्याच शास्त्रानं ठरवतो.

समजा गोदामाला एकच डॉक आहे. एक गाडी रिकामी व्हायला सरासरी एक तास लागतो, पण कधी अर्धा, कधी दोन. गाड्याही घड्याळ लावून येत नाहीत, कारण वाटेत घाट आहे, ट्रॅफिक आहे. अशा वेळी साध्या सूत्रानं उत्तर येतं ते असं:

डॉक निम्मा वेळ कामात असेल तर गाडीला सरासरी १ तास थांबावं लागतं.
८० टक्के वेळ कामात असेल तर ४ तास.
९० टक्के असेल तर ९ तास.
९५ टक्के असेल तर १९ तास.

परत वाचा. ९० वरून ९५ वर गेलो, डॉकचा वापर पाचच टक्के वाढला आणि थांबणं दुपटीच्या वर गेलं. डॉक जास्त असले तर आकडे कमी होतात, पण वळण तेच राहतं. शेवटच्या टप्प्यात रांग फुगत नाही, फुटते.

गोदामाचा मॅनेजर काय बघतो? डॉक रिकामा दिसता कामा नये, कारण रिकाम्या डॉकवरच्या माणसांचा पगार त्याच्या खिशातून जातो. गेटबाहेरची गाडी कुणाच्या खिशातून थांबते? मामांच्या. हप्ता त्यांचा, दिवस त्यांचा, झोप त्यांची. म्हणून गोदामाला डॉक ठासून भरलेला ठेवणं परवडतं. यात कुणी दुष्ट असायची गरज नाही. जे फुकट मिळतं ते उधळलं जातं, एवढंच.

त्यावर छोटी छोटी कारणं चढतात. नऊच्या स्लॉटवर जास्तीच्या गाड्या बोलावलेल्या. शिफ्ट बदलताना अर्धा तास काम बंद. ऑर्डरवरच्या आणि बिलावरच्या आकड्यात फरक, मग फोनाफोनी. सुटी पोती असली की एक एक मोजून उतरवायची. सणाच्या आधी तर विचारूच नका.

कागद काय म्हणतो?

१९६१ चा मोटार वाहतूक कामगारांचा कायदा होता. दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८. त्यात 'कामाचे तास' कशाला म्हणायचं याची व्याख्या आहे. गाडी चालवण्याचा वेळ, त्याला जोडून असलेली कामं, आणि ठिकाणावर नुसतं हजर राहण्याचा काळ, तो पंधरा मिनिटांपेक्षा कमी असेल तर. मी ही ओळ तीनदा वाचली. पंधरा मिनिटं! सतरा तासांचं काय, हे त्या ओळीत नाही. शिवाय हा कायदा पाच किंवा जास्त कामगार असलेल्या धंद्यालाच होता. मामांसारखा एका गाडीचा मालक-ड्रायव्हर त्यात बसतच नाही. आता तो कायदा २०२० च्या नव्या कामगार संहितेत मिसळून गेलाय.

दुसरा कागद ई-वे बिल. त्याला मात्र घड्याळ आहे. दर २०० किलोमीटरला एक दिवस, त्यावर थोडं जरी अंतर असलं तरी आणखी एक. सोमवारी दुपारी काढलेलं ३०० किलोमीटरचं बिल बुधवारी मध्यरात्री संपतं. मामा वेळेत सुटले. पण गोदामानं "परवा या" म्हटलं असतं, तर मुदत वाढवून घ्यायची धावपळ करावी लागली असती. संपायच्या आधी आठ तास किंवा नंतर आठ तास, एवढीच खिडकी. ती हुकली आणि वाटेत तपासणी झाली तर दंडाचं प्रकरण. म्हणजे बघा, साखरेला उशीर झाला तर घड्याळ आहे. माणसाला उशीर झाला तर नाही.

तिसरी गोष्ट वाराई. माल उतरवताना ड्रायव्हरकडून घेतले जाणारे पैसे. वाहतूकदारांची जुनी घोषणा आहे, 'ज्याचा माल त्याचा हमाल'. माल व्यापाऱ्याचा, तर उतराईही त्यानंच द्यावी. इथं हमालांना शिव्या घालू नका. पाठीवर पोती वाहणाऱ्यांना हक्काची मजुरी मिळावी म्हणून महाराष्ट्रात १९६९ साली माथाडी कायदा झाला, आणि त्यामागं अण्णासाहेब पाटलांनी उभी केलेली चळवळ होती. हमालाला मजुरी मिळालीच पाहिजे. प्रश्न एवढाच की ती ड्रायव्हरच्या जेवणाच्या पैशातून का?

बाहेर काय चालतं?

अमेरिकेतले ड्रायव्हरही किराणा गोदामांच्या नावानं असंच बोटं मोडतात. पण तिथं दोन गोष्टी वेगळ्या. एक, बऱ्याच करारांत पहिले दोन तास मोफत आणि पुढं तासावर पैसे असं लिहिलेलं असतं. मिळवताना भांडावं लागतं, पण लिहिलेलं असतं. दोन, ड्युटी सुरू झाल्यापासून १४ तासांनंतर गाडी चालवता येत नाही, आणि त्या १४ तासांत चालवायचं जास्तीत जास्त ११. गेटवरचा वेळही सहसा त्या १४ तासांतूनच वजा होतो. म्हणजे थांबण्याची निदान मोजदाद होते.

आणि आता माझी कबुली

मामांच्या प्रश्नाचं उत्तर मला माहीत होतं. फोनवर सांगायची हिंमत झाली नाही.

पहिल्या नोकरीत मी एका गोदामासाठी डॅशबोर्ड बनवला होता. गाडी किती वेळात मोकळी होते ते दाखवणारा. हिरवा, पिवळा, लाल. त्याचं घड्याळ कधी सुरू व्हायचं? गाडी डॉकला लागली की. गेटवर आल्याची वेळ वॉचमनच्या वहीत असायची, सिस्टिममध्ये नाही. "ती नको, आकडा उगाच खराब दिसतो," असं मीटिंगमध्ये कुणीतरी म्हणालं. मी मान डोलावली आणि कोड लिहिला. माझ्या त्या स्क्रीनवर मामांची गाडी अडीच तासांत मोकळी झालेली दिसली असती. हिरवी.

म्हणजे मामांच्या प्रश्नाचं उत्तर: नोंद कुठंच झाली नाही. आणि ती होऊ नये अशी सोय माझ्यासारख्या कुणीतरी केलेली होती.

मग करायचं काय?

ऐकणाऱ्यांत निम्म्यांच्या घरी कुणी ना कुणी गाडीवर असेल, म्हणून कामाचं सांगतो.

एक. गेटवर पोहोचल्याबरोबर बिल्टीवर आल्याची वेळ आणि सही मागा. नाही दिली तर गेट आणि गाडीचा नंबर दिसेल असा फोटो काढा, लोकेशन चालू ठेवून, आणि त्याच मिनिटाला ट्रान्सपोर्टवाल्याला पाठवा.

दोन. हॉल्टिंग किती तासांनंतर आणि किती, हे भरण्याआधी ठरवा आणि व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्या. गाडी भरल्यावर बोललात तर उत्तर एकच येतं, "बघू."

तीन. पोहोच घेताना तिच्यावर सुटल्याची वेळही टाकून घ्या. आल्याची आणि सुटल्याची, दोन्ही वेळा एकाच कागदावर असल्या की भांडण निम्मं संपतं.

चार, आणि हे माझ्यासारख्यांसाठी. तुम्ही असली सिस्टिम बनवत असाल तर घड्याळ गेटपासून सुरू करा. डेटाबेसमध्ये एक रकाना जास्त, बाकी काही नाही. मीटिंगमध्ये कुणी "आकडा खराब दिसतो" म्हणालं तर म्हणा, आकडा खराब आहे म्हणूनच दिसतो.

मामा आता हे करतात. दर वेळी पैसे मिळतात असं नाही. मागच्या महिन्यात एकदा मिळाले, एका दिवसाचे. रक्कम मोठी नव्हती, पण त्यांनी मुद्दाम फोन करून सांगितलं. आणि एक नियम त्यांनी स्वतःच घातलाय: आठ तासांच्या वर थांबावं लागलं तर परतीचा माल सोडायचा, पण झोपल्याशिवाय घाट चढायचा नाही. तो सोडलेला माल त्यांच्याच खिशातून जातो, हेही लक्षात असू द्या.

पुढच्या वेळी दहा मिनिटांत साखरेची पिशवी दारात आली, की त्या दहा मिनिटांच्या आधीचे सतरा तास आठवा. ते कुठल्याच ॲपवर दिसत नाहीत.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तुमच्या घरच्या गाडीवाल्याला हा नक्की पाठवा. रांगेत उभे असतील तर ऐकायला वेळ असेलच.