जपानला जाताना

जपानला निघालात, तर बॅगेत आधी दोन चपट्या पिनांचा अ‍ॅडाप्टर टाका. आपल्या गोल पिना तिथे बसत नाहीत. वीजही १०० व्होल्टची. मोबाइलचा चार्जर चालतो, आपली किटली मात्र पाणी कोमट करता करता दमून जाते.

खरी कसोटी शाकाहारी माणसाची. ताटात मासा दिसत नाही म्हणून निर्धास्त राहू नका. मिसो सूप, नूडल्सचा रस्सा, उकडलेली भाजी, सगळ्यांत ‘दाशी’ असू शकते. हा अर्क बहुधा वाळवलेल्या बोनिटो माशाचा आणि समुद्रशेवाळाचा. ‘मांस नको’ म्हटलं तरी वाढणाऱ्याच्या लेखी दाशी मांसात येतेच असं नाही. मासाही नको आणि दाशीही नको, हे जपानीत लिहिलेला कागद खिशात ठेवावा. बौद्ध मठांतला ‘शोजिन र्‍योरी’ हा प्रकार परंपरेने शाकाहारी. महाग असतो, पण एकदा खाण्याजोगा. मेथीचे ठेपले न्यावेत, हे सांगायला नकोच.

थोडी रोकड हवीच. ५०० येनपर्यंत नाणीच असतात, तेव्हा चिल्लरीची पिशवी लागते. टिप देऊ नका, ती परत करायला वेटर मागे धावत येईल. रस्त्यावर कचऱ्याचे डबे क्वचितच, म्हणून कचऱ्यासाठी वेगळी पिशवी ठेवा. सर्दीच्या गोळ्या नेण्याआधी घटक वाचा: दहा टक्क्यांहून जास्त स्यूडोएफेड्रिन असलेल्या औषधांना तिथे बंदी आहे. पासपोर्ट कायम जवळ ठेवा, तसा कायदाच आहे. पोलिसांसाठी ११०, रुग्णवाहिकेसाठी ११९.