ऐकीव शहाणपण आणि मोटारसायकल

ज्ञान दोन वाटांनी येते. एक वाट पोथीची, दुसरी मुखाची. मोटारसायकलीचे ज्ञान आपल्या देशात बहुतांशी दुसऱ्या वाटेने आले. कारखान्याने गाडीबरोबर दिलेली पुस्तिका विम्याच्या कागदांसोबत कपाटात पडून राहते. नव्या स्वाराचे खरे शिक्षण होते ते चुलतभावाकडून, शेजाऱ्याकडून, गॅरेजातल्या मिस्त्रीकडून आणि पेट्रोलपंपावर रांगेत उभ्या असलेल्या एखाद्या अनोळखी गृहस्थाकडून. ‘सकाळी इंजिन पाच मिनिटे चालू ठेवून मगच निघावे’, ‘पहिले हजार किलोमीटर गाडी दामटू नये’, ‘उन्हाळ्यात चाकांत हवा कमी भरावी’, ‘उतारावर न्यूट्रल करावे म्हणजे पेट्रोल वाचते’, ‘पुढच्या ब्रेकला हात लावू नये’. मराठी माणूस नागपुरात असो, इंदुरात असो की दिल्लीत, ही सूत्रे त्याच्या कानांवर आल्याखेरीज राहत नाहीत. सल्ला देणाऱ्याला मोबदला नको असतो. आपल्याला ठेच लागली ती दुसऱ्याला लागू नये, एवढाच त्याचा हेतू असतो.

परंतु हेतू शुद्ध असला म्हणजे सल्ला बरोबर असतोच असे नाही, आणि सल्ला जुना झाला म्हणजे तो टाकाऊ ठरतो असेही नाही. यांतील बहुतेक सूत्रे कोणत्या तरी एका यंत्राच्या गरजेतून जन्मली. पुढे ते यंत्र गेले, सूत्र मात्र राहिले. काही ठिकाणी त्याने काहीच बिघडत नाही, तर काही ठिकाणी त्याची किंमत प्राणांनी मोजावी लागते. म्हणून या शहाणपणाची एकदा नीट छाननी करणे आवश्यक आहे.

प्रथम ती जुनी यंत्रे डोळ्यांपुढे आणू. मद्रासमध्ये १९५५ साली एनफिल्ड इंडिया ही कंपनी स्थापन झाली आणि बुलेट या देशात रुजली. १९६०नंतरच्या दशकात म्हैसूरच्या कारखान्यातून जावा आणि एस्कॉर्ट्स कंपनीकडून राजदूत रस्त्यावर आली. या गाड्यांचे स्वभाव निरनिराळे होते आणि स्वाराला ते ओळखावेच लागत. जुनी बुलेट नुसती लाथ मारून सुरू होत नसे. इंजिनातला दाब सोडणारी लहानशी कळ ओढायची, ॲमीटरचा काटा मध्यावर आणायचा आणि मगच किक मारायची. हा क्रम चुकला तर किक उलटी बसून पाय दुखावला जाई. तिचा गिअर उजव्या पायाशी असे आणि मागचा ब्रेक डाव्या पायाशी. जावाची तर किक हीच गिअरची दांडी! अशा गाडीवर बसणाऱ्याला जाणत्याचा सल्ला हा शौक नव्हता, ती गरज होती.

उताराच्या सूत्राचा उगम तर फारच बोधप्रद आहे. जावा व राजदूत या टू-स्ट्रोक गाड्या. त्यांच्या इंजिनाला वंगण मिळे ते पेट्रोलबरोबरच. लांबलचक घाट उतरताना स्वाराने ॲक्सिलरेटर पूर्ण बंद ठेवला, की चाकांच्या ओढीने इंजिन जोरात फिरत राही; पण पेट्रोल जवळजवळ थांबल्यामुळे तेलही थांबे. मग पिस्टन तापून सिलिंडरला धरून बसे आणि मागचे चाक एकाएकी अडके. म्हणून जाणते सांगत, ‘उतारावर अधूनमधून क्लच दाबून थोडा ॲक्सिलरेटर द्यावा.’ हा सल्ला शंभर टक्के खरा होता. त्यालाच जोडून आलेला ‘न्यूट्रल करून सोडून द्यावी’ हा सल्ला मात्र तेव्हाही धोक्याचा होता. गिअर सुटला की इंजिनाचा आवर सुटतो आणि सगळा भार ब्रेकवर येतो. ब्रेक सतत लावून ठेवले म्हणजे तापतात, आणि फार तापलेला ब्रेक जेव्हा लागायला हवा तेव्हाच नेमका लागत नाही. घाट चढताना जो गिअर लागतो त्याच गिअरमध्ये घाट उतरावा, ही जुन्या ट्रकचालकांची शिकवण दुचाकीलाही तितकीच लागू आहे.

आता पेट्रोलच्या बचतीचे पाहू. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहा हे प्रदूषणाचे मानक लागू झाले आणि कार्ब्युरेटरची जागा बहुतेक सर्व दुचाकींत इंधन फवारणाऱ्या यंत्रणेने घेतली. या गाडीत गिअर असताना ॲक्सिलरेटर पूर्ण सोडला, की यंत्रणा इंधनाचा फवारा बंद करते. चाकेच इंजिन फिरवीत असतात, पेट्रोल जळत नाही. उलट न्यूट्रल केले तर इंजिन आपल्या बळावर चालू ठेवण्यासाठी पेट्रोल लागते. म्हणजे बचतीसाठी केलेला उपाय आता बचतही करीत नाही आणि धोका मात्र होता तेवढाच राहतो.

सकाळच्या पाच मिनिटांचीही कथा अशीच. कार्ब्युरेटरच्या गाडीला थंडीत चोक ओढून थोडा वेळ द्यावा लागे. नव्या यंत्रणेला अर्धा मिनिट पुरतो. त्यानंतर पहिले दोन-तीन किलोमीटर सावकाश चालविणे हीच खरी शेकोटी, कारण उभ्या गाडीचे इंजिन तापते, पण गिअर, चेन आणि टायर थंडच राहतात.

मात्र सर्वच जुन्या सूत्रांचे असे नाही. नवी गाडी आरंभी दामटू नये, हे आजही खरे आहे. पिस्टनवरील कड्या आणि सिलिंडरची भिंत एकमेकींशी घासून जुळत असतात आणि त्यांतून सुटणारे धातूचे कण तेलात उतरतात. म्हणूनच पहिले तेल लवकर बदलावयाचे असते. चेन फार ताणू नये, हेही खरे. चाक खालीवर होताना चेनचा ताण बदलतो. तिला थोडी ढील नसेल तर बेअरिंगवर ओढ येते. मोटारीचे तेल मोटारसायकलीत घालू नये, या सल्ल्यालाही भक्कम आधार आहे. बहुतेक मोटारसायकलींचा क्लच इंजिनाच्याच तेलात बुडालेला असतो. मोटारीच्या काही तेलांत घर्षण कमी करणारी द्रव्ये असतात आणि त्यांनी हा क्लच घसरू लागतो.

हवेचा सल्ला मात्र उलटा आहे. उन्हाळ्यात हवा वाढून टायर फुटेल, ही भीती साहजिक वाटते. पण टायर तापतो तो मुख्यतः आपल्या बाजू वाकल्यामुळे, आणि हवा कमी असली की बाजू अधिकच वाकतात. म्हणजे ज्या उष्णतेपासून वाचावयाचे तीच आपण वाढवितो. गाडी थंड असताना हवा मोजावी आणि पुस्तिकेत दिलेल्या आकड्याइतकीच ठेवावी, मग ऋतू कोणताही असो.

आता ज्या सूत्रासाठी हा सारा ऊहापोह केला, त्याकडे वळतो. ‘पुढच्या ब्रेकला हात लावू नये, गाडी उलटते.’ हा सल्ला बहुधा सायकलीवरून आला असावा. उतारावर पुढचा ब्रेक करकचून दाबून तोंडावर पडलेला मुलगा प्रत्येक आळीत असतोच. शिवाय कच्च्या रस्त्यावर, वाळूत आणि चिखलात पुढचे चाक अडकले तर गाडी खरोखरच सांभाळत नाही. पण डांबरी रस्त्यावर काय घडते ते पाहा. चालत्या बसने एकदम ब्रेक लावला की उभे असलेले प्रवासी पुढे झुकतात. मोटारसायकलीवरही तसेच होते. गाडी थांबू लागली की सारा भार पुढच्या चाकावर येतो आणि मागचे चाक हलके होते. ज्या चाकावर भार अधिक, त्याचीच रस्त्यावरील पकड अधिक. म्हणून गाडी थांबविण्याचे मुख्य काम पुढच्या चाकाचे आहे. हलक्या झालेल्या मागच्या चाकाचा ब्रेक जोरात दाबला तर ते अडकून घसरते आणि गाडी आडवी होऊ लागते.

ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी सेकंदाला सोळा-सतरा मीटर कापते. कोरड्या, चांगल्या रस्त्यावर दोन्ही ब्रेक नीट लावले तर ती सुमारे वीस मीटरांत थांबू शकते. केवळ मागच्या ब्रेकवर विसंबले तर त्याच्या जवळजवळ दुप्पट अंतर लागते. रस्त्यात एकाएकी मूल धावत आले, तर ते मूल वाचणे किंवा न वाचणे या वीस मीटरांवर अवलंबून असते.

अमेरिकेतील दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या हॅरी हर्ट या संशोधकाने आपल्या सहकाऱ्यांसह लॉस एंजेलिस परिसरातील मोटारसायकलींच्या नऊशे अपघातांची प्रत्यक्ष जागेवर जाऊन तपासणी केली. तिचा अहवाल १९८१ साली प्रसिद्ध झाला. संकटाच्या क्षणी बहुतेक स्वारांनी मागचे चाक अडकवून घसरविले आणि पुढचा ब्रेक पुरेसा लावलाच नाही, असे त्यांना आढळले. त्याच अहवालातील दुसरा आकडा आपल्या विषयाच्या दृष्टीने लक्षणीय आहे. अपघातात सापडलेल्या स्वारांपैकी ९२ टक्के स्वार आपल्या आपण, किंवा घरच्या माणसांकडून वा मित्रांकडून शिकलेले होते. घरचे शिक्षण वाईटच, असा याचा अर्थ नव्हे. पण ते पुरेसे नाही, एवढा अर्थ निश्चित आहे.

मग करावे काय? पुढचा ब्रेक टाळू नये. त्याची सवय करावी. मोकळ्या, सरळ, कोरड्या रस्त्यावर, कमी वेगात, दोन्ही ब्रेक एकत्र आणि चढत्या दाबाने लावण्याचा सराव करावा. लिंबू पिळताना जसा दाब हळूहळू वाढवितो, तसा हा दाब वाढवावा. झडप घालू नये. वळणावर गाडी कललेली असताना, वाळूवर किंवा सांडलेल्या तेलावर हात अगदी हलका ठेवावा आणि वेग त्या जागेच्या आधीच उतरवावा. २०१९ सालापासून १२५ घनसेंटिमीटरपेक्षा मोठ्या नव्या दुचाकींवर चाक अडकू न देणारी एबीएस यंत्रणा आणि लहान दुचाकींवर दोन्ही ब्रेक एकत्र लावणारी योजना सक्तीची झाली. कायद्यानेही एका परीने त्या जुन्या सूत्राला उत्तर दिले आहे.

दुसरे घातक सूत्र शिरस्त्राणाविषयी. ‘गावातल्या गावात हेल्मेट कशाला?’ आणि ‘त्याने मागचा हॉर्न ऐकू येत नाही.’ अरबस्तानातील पराक्रमामुळे प्रसिद्ध झालेले टी. ई. लॉरेन्स १९३५ सालच्या मे महिन्यात इंग्लंडमधील आपल्या घराजवळच मोटारसायकलीवरून पडले. सायकलीवरील दोन मुलांना चुकविताना हा अपघात झाला, आणि डोक्याच्या दुखापतीने सहा दिवसांनी त्यांचा अंत झाला. त्यांच्यासाठी बोलाविलेल्या शल्यवैद्यांत ह्यू केर्न्स हे मेंदूचे शल्यवैद्य होते. पुढे त्यांनी सैन्यातील संदेशवाहक स्वारांच्या मस्तकाच्या दुखापतींचा अभ्यास करून १९४१ साली शिरस्त्राणाचे महत्त्व दाखवून दिले, आणि त्याच वर्षी ब्रिटिश सैन्याने ते कामावरील स्वारांना सक्तीचे केले. हर्ट यांच्या अहवालातही, शिरस्त्राणामुळे रहदारीचे महत्त्वाचे आवाज ऐकू येण्यात किंवा दिसण्यात अडथळा आला असे एकही उदाहरण निघाले नाही. उलट बहुतेक अपघात लहानशा फेरीत, निघाल्या जागेपासून जवळच झालेले आढळले. आपल्याकडे २०२२ या एका वर्षात हेल्मेट न घातलेले ५०,०२९ दुचाकीस्वार आणि सहप्रवासी रस्त्यांवर मृत्यू पावले, असे केंद्र सरकारचा अहवाल सांगतो. ‘गावातल्या गावात’ या दोन शब्दांचा हा हिशेब आहे.

या परंपरेचा एक गोड भागही सांगावयास हवा. आपल्या रस्त्यांवर अनोळखी माणूस ओरडून सांगतो, ‘दादा, स्टॅण्ड!’ ‘ताई, ओढणी सांभाळा!’ खाली राहिलेला स्टॅण्ड वळणावर जमिनीला टेकून गाडी पाडतो. चाकात गुंतलेली ओढणी गळ्याला फास लावते. मागे बसणाऱ्याचे वस्त्र चाकात जाऊ नये म्हणून अर्धे चाक झाकणारी जाळी आपल्या मोटार वाहन नियमांनीच सांगितली आहे. तरीही चाक उघडे ठेवण्याच्या हौसेने ती काढून टाकणारे आहेत. हा सल्ला कधी जुना होणार नाही. दिव्याचा मात्र झाला. दिवसा दिवा चालू दिसला की समोरचा स्वार हाताची बोटे उघडझाप करून खुणावतो. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा दिवा इंजिनाबरोबर आपोआप लागतो आणि तो बंद करता येत नाही, हे त्याला ठाऊक नसते. तेथे हसून मान डोलवावी. त्या खुणेत चूक असेल, पण आपुलकी खरी आहे.

तेव्हा जाणत्याचे बोलणे जरूर ऐकावे. मात्र ऐकून झाल्यावर नम्रपणे ‘का?’ एवढा एकच प्रश्न विचारावा. खरा जाणता त्या प्रश्नाने रागावत नाही. तो गाडी स्टॅण्डवर लावतो, खाली बसतो आणि बोटाने दाखवून समजावून देतो. ज्या सल्ल्याचे कारण सांगता येते आणि ते कारण आपल्या गाडीलाही लागू पडते, तो गाठीशी बांधावा. ज्याचे कारण ‘सगळेच असे करतात’ एवढेच असेल, तो सल्ला पुस्तिका उघडून ताडून पाहावा. मुखाने आलेली वाट आणि पोथीची वाट या ठिकाणी एकमेकींना मिळतात, आणि सुखरूप घरी पोहोचविणारा रस्ता तेथूनच पुढे जातो.