पाण्याचा संगणक, कमी आवाजाचा

पाण्याने थंड होणारा संगणक आपोआप शांत होत नाही. पाणी प्रोसेसरची उष्णता फक्त वाहून नेते. ती हवेत सोडायला रेडिएटर आणि पंखे लागतातच. म्हणून पहिली निवड रेडिएटरची. तो जितका मोठा, तितके पंखे संथ फिरवून भागते, आणि पंख्याचा वेग निम्मा केला की आवाज साधारण १५ डेसिबलने उतरतो. त्यामुळे १२० मिलिमीटरचे दोन पंखे घेणाऱ्या रेडिएटरपेक्षा तीन पंख्यांचा बरा. मात्र तो कॅबिनेटमध्ये मावतो का, हे आधी मोजावे.

खरी कटकट पंपाची. तो अखंड चालतो आणि त्याची गुणगुण पंखे मंदावल्यावरच कानात भरते. वेग कमी-जास्त करता येणारा पंप घ्यावा. तो पाण्याच्या वाटेत सर्वांत उंच जागी बसवू नये. तिथे हवा साचून खरखर होते. सुटे भाग जोडणाऱ्यांनी तांबे आणि ॲल्युमिनियम एकाच पाण्यात आणू नये, ॲल्युमिनियम कुरतडले जाते.

फिरत्या हार्ड डिस्कऐवजी एसएसडी, आणि कमी भारावर पंखा थांबवणारा पॉवर सप्लाय, हे तर सोपेच. एक मर्यादा मात्र कोणत्याही खर्चाने टळत नाही: खोली ४० अंशांवर असेल, तर रेडिएटरमधले पाणी त्याखाली उतरत नाही.