प्रकाशाचे रंगांतर

तांबड्या काचेतून पाहिले असता सारे जग तांबडे दिसते. काचेनेच उजेडाला तांबडा रंग दिला, असे त्या वेळी वाटते. परंतु खरा प्रकार निराळा असतो. पांढऱ्या उजेडात सर्वच रंग मिसळलेले असतात. त्यांपैकी तांबडा रंग काच पलीकडे जाऊ देते आणि बाकीचे बहुतेक रंग शोषून घेते. म्हणजे काच रंग निवडते, नवा रंग निर्माण करीत नाही. स्वच्छ, पारदर्शक पदार्थातून सरळ पार होणारा शुद्ध रंगाचा किरण बाहेर पडतानाही त्याच रंगाचा असतो, हाच नेहमीचा अनुभव. मग प्रकाशाचा रंग मुळातून बदलणारा स्फटिक असू शकेल काय?

या प्रश्नाचे उत्तर समजण्यासाठी रंग म्हणजे काय, हे आधी पाहिले पाहिजे. प्रकाश हा लहरींच्या रूपाने प्रवास करतो. एका सेकंदात होणाऱ्या कंपनांच्या संख्येवर त्याचा रंग अवलंबून असतो. तांबड्या प्रकाशाची कंपनसंख्या कमी, तर जांभळ्याची अधिक असते. कंपनसंख्या दुप्पट झाली की लहरीची लांबी निम्मी होते. ही लांबी नॅनोमीटरमध्ये मोजतात. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले, तर त्यांतील एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर होय. तांबड्याच्या अलीकडचे अवरक्त किरण आणि जांभळ्याच्या पलीकडचे जंबुपार किरण मानवी डोळ्यांस दिसत नाहीत.

संगीतातही असेच असते. मध्य सप्तकातील षड्जाच्या दुप्पट कंपनसंख्या तार सप्तकातील षड्जाची असते. प्रकाशालाही असेच एक सप्तक वर चढविणे शक्य आहे आणि हे काम काही विशिष्ट स्फटिक करतात.

स्फटिकातील अणूंमध्ये इलेक्ट्रॉन नावाचे अतिसूक्ष्म कण असतात. प्रकाशलहर आली की ते झोपाळ्याप्रमाणे मागेपुढे हेलकावे घेऊ लागतात. साध्या प्रकाशाचा धक्का सौम्य असतो. त्यामुळे हेलकावे दोन्ही बाजूंस सारखे पडतात आणि बाहेर पडणारा प्रकाश मूळच्याच रंगाचा राहतो. परंतु प्रकाश अतिशय प्रखर असेल आणि स्फटिकाची अंतर्गत रचना दोन्ही दिशांना सारखी नसेल, तर हेलकावा एका बाजूस जास्त व दुसऱ्या बाजूस कमी जातो. या विषम हेलकाव्यात मूळ कंपनाबरोबर दुप्पट वेगाचे कंपनही मिसळलेले असते. त्यातूनच नव्या रंगाचा प्रकाश जन्मतो. यात ऊर्जा फुकट मिळत नाही. प्रकाशाचे दोन कण लोपतात, तेव्हा दुप्पट ऊर्जेचा एक कण निर्माण होतो.

असा प्रखर प्रकाश पूर्वी उपलब्ध नव्हता. १९६० साली अमेरिकेतील थिओडोर मेमन यांनी माणकाच्या कांडीपासून पहिला लेसर किरण मिळविला. पुढच्याच वर्षी मिशिगन विद्यापीठात पीटर फ्रँकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणकाच्या लेसरचा ६९४ नॅनोमीटर लांबीचा तांबडा प्रकाश क्वार्ट्झच्या स्फटिकावर एकवटला. गारगोटी ज्या द्रव्याची बनलेली असते, तेच हे द्रव्य. स्फटिकातून बाहेर आलेला प्रकाश त्यांनी लोलकाने पृथक करून छायाचित्रणाच्या काचेवर घेतला. तांबड्या प्रकाशाचा मोठा डाग तर उमटलाच. पण ३४७ नॅनोमीटरच्या जागी, म्हणजे नेमक्या निम्म्या लांबीवर, एक अंधूक ठिपकाही उमटला. कोट्यवधी भागांतील जेमतेम एक भाग प्रकाश बदलला होता.

या शोधाची हकीकत संशोधनपत्रिकेत छापून आली, तेव्हा एक मौज झाली. छायाचित्रावर ठिपक्याची जागा दाखविणारा बाण होता. पण ठिपकाच नव्हता! छपाईची सिद्धता करणाऱ्यांस तो धुळीचा डाग वाटला आणि त्यांनी तो पुसून टाकला, असे सांगतात.

परंतु एवढ्या अल्प प्रकाशाचा उपयोग तो काय? अडचण अशी की, स्फटिकात मूळ लहर आणि नवी लहर सामान्यतः निरनिराळ्या वेगांनी धावतात. लेझमीच्या पथकात ज्याचे पाऊल त्याच्या मनाप्रमाणे पडू लागले, तर ताल जसा विस्कटतो, तसेच येथे होते. ठिकठिकाणी जन्मलेल्या नव्या लहरी एकमेकींस मारक ठरतात. १९६२ साली अमेरिकेतील दोन प्रयोगशाळांनी स्वतंत्रपणे यावर उपाय शोधला. काही स्फटिकांत प्रकाशाचा वेग त्याच्या दिशेप्रमाणे आणि कंपनाच्या रोखाप्रमाणे बदलतो. किरण योग्य कोनातून सोडला की दोन्ही लहरी समान वेगाने चालतात. मग प्रत्येक नवी लहर आधीच्या लहरीस बळ देते आणि प्रकाश वाढत जातो.

फळ्यावरील आकृती दाखविण्यासाठी वापरतात त्या हिरव्या लेसरच्या कांड्यांपैकी अनेकींत हीच युक्ती असते. आतील लहानसा अर्धवाहक ८०८ नॅनोमीटरचे अवरक्त किरण देतो. त्यांच्या बळावर निओडिमियमयुक्त स्फटिक १०६४ नॅनोमीटरचा लेसर किरण निर्माण करतो. हाही डोळ्यांस अदृश्यच. शेवटी केटीपी नावाचा स्फटिक त्याची कंपनसंख्या दुप्पट करतो आणि ५३२ नॅनोमीटरचा तेजस्वी हिरवा किरण बाहेर पडतो.

मात्र सर्वच अवरक्त किरणांचे रूपांतर होत नाही. उरलेले किरण अडविणारी गाळणी कांडीत नसेल, तर तेही हिरव्या किरणाबरोबर बाहेर येतात. दिसत नसल्यामुळे त्यांच्यापुढे पापणी मिटत नाही आणि नेत्रपटलास कायमची इजा होऊ शकते. हिरवा किरणही डोळ्यांस घातकच. म्हणून असा किरण स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या डोळ्यांवर कधीही रोखू नये. आरशावरही पाडू नये.

धूळ समजून पुसल्या गेलेल्या त्या ठिपक्यातून विज्ञानाची एक नवी शाखा उदयास आली. छापील पानावरून तो नाहीसा झाला, तरी निसर्गाचा नियम काही पुसला गेला नाही. ज्यांनी तो प्रयोग पुन्हा काळजीपूर्वक केला, त्यांस तो ठिपका पुन्हा दिसला.