बाजार मोठा, पण पैसे हातात येतात का?

बेळगावहून खानापूरच्या रस्त्याला लागलं, की उद्यमबाग मागे पडते, पिरनवाडी येते आणि लगेच मच्छेची औद्योगिक वसाहत. या पट्ट्यात ओतलेलं कास्टिंग पंपात किंवा इंजिनात बसून कुठल्या देशात जाणार, हे इथला फौंड्रीवाला ठरवत नाही. ते पुण्या-मुंबईच्या कंपन्यांत ठरतं. पण ऑर्डर आटली की शिफ्ट इथली बंद होते, म्हणून परदेशी बाजार निवडण्याचा हिशेब इथेही कळायला हवा.

बाजाराचा हा पेच इथे नवा नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकलींचं दुकान काढलं आणि पुढे लोखंडी नांगर केले. लोखंडाने जमीन नासते, असं म्हणून शेतकरी नांगराला हात लावेनात. गिऱ्हाईक दारातच होतं, गरजही होती. कमी होता तो विश्वास. १९१० मध्ये कारखाना औंध संस्थानात कुंडलच्या माळावर गेला आणि किर्लोस्करवाडी वसली.

शतकभराने किर्लोस्कर ब्रदर्सचे पंप सेनेगल आणि लाओसच्या भातशेतीला पोहोचले. लहान शेतकऱ्याच्या बांधावर पारखलेलं यंत्र तशाच शेतीकडे निघालं होतं. वसुलीची काळजीही मिटली होती, कारण भारताच्या एक्झिम बँकेने त्या सरकारांना दिलेल्या कर्जातून ही खरेदी झाली. नुसती लोकसंख्या पाहिली असती, तर हे दोन्ही देश यादीत तळाला राहिले असते.

नायजेरियाचं उलटं आहे. लोकसंख्या वीस कोटींच्या वर, रस्ते खराब, सार्वजनिक वाहतूक तोकडी. तिथे ‘ओकाडा’ म्हणजे भाड्याची मोटरसायकल हजारो तरुणांचं पोट भरते. बजाज ऑटोची बॉक्सर तिथे रुजली ती साधी, दणकट आणि नाक्यावरच्या मेकॅनिकला खोलता येणारी म्हणून. २०२१-२२ मध्ये बजाजची एकूण निर्यात २५ लाख वाहनांच्या घरात गेली; पुढच्याच वर्षी ती १८ लाखांच्या आसपास उतरली. गाडी तीच होती, गिऱ्हाईकही होतं, पण आयातदाराला डॉलर मिळेनात. जून २०२३ मध्ये नायजेरियाने विनिमय दर मोकळा सोडला आणि तिथलं चलन, नायरा, कोसळलं. त्याआधीच लागोस राज्याने २०२० आणि २०२२ मध्ये मोठ्या भागांत ओकाडांवर बंदी घातली होती. इजिप्तने तर २०२१ मध्ये तीनचाकींच्या सुट्या भागांची आयातच थांबवली. बाजार निवडताना मागणी मोजणं तुलनेने सोपं. त्या देशाच्या तिजोरीत परकीय चलन किती टिकेल आणि सरकारचा मूड कधी फिरेल, याचा अंदाज बांधणं खरं कठीण, आणि बहुतेक नुकसान तिथेच होतं.

ब्राझीलमध्ये बजाजने वेगळी वाट धरली. जून २०२४ मध्ये ॲमेझॉनच्या खोऱ्यातल्या मनौस शहरात कंपनीने स्वतःचा कारखाना सुरू केला. मनौसच्या मुक्त क्षेत्रात जोडणी केली की करांत मोठी सवलत मिळते. ब्राझीलचे बहुतेक दुचाकी कारखाने तिथेच आहेत. इतक्या आतल्या शहरात कारखाना जातो, तो नकाशा बघून नव्हे, करांचं कोष्टक बघून.

परदेशी कंपन्यांच्या यादीत भारत हाही असाच एक उभरता बाजार. त्यांतल्या काहींनी निवडला तो बेळगाव जिल्हा. पुणे-बंगळूर महामार्गावर हत्तरगीला एक्वस कंपनीच्या विशेष आर्थिक क्षेत्रात विमानांचे भाग तयार होतात. कॅनडाची मॅगेलन पृष्ठप्रक्रियेसाठी, तर फ्रान्सची ओबेर ए द्युवाल फोर्जिंगसाठी एक्वसशी भागीदारी करून इथे आली. अनोळखी देशात त्यांना साथीदार आयता मिळाला, आणि फोर्जिंग, मशीनिंग, पृष्ठप्रक्रिया एकाच आवारात असल्याने सुटा भाग गावोगाव फिरवावा लागत नाही. मच्छे-उद्यमबागेतल्या लहान कारखानदारांनी असा साखळीतला जवळचा दुवा होण्यासाठी एकत्र यायला हवं. आज त्यांच्यातले अनेक जण एकेकटे, एकाच मोठ्या गिऱ्हाइकावर अवलंबून आहेत.