वेबसाइट सुरू झाली, ग्राहक कधी येणार?

गेल्या काही वर्षांत आपल्या समाजातील अनेक तरुण-तरुणी नोकरीची वाट न पाहता स्वतःचा व्यवसाय उभा करत आहेत. कोणी मुद्रा कर्ज काढतो, कोणी वडिलांच्या निवृत्तीच्या रकमेतून भांडवल उचलतो. दुकानाच्या पाटीवरचे आडनाव वाचून पुढच्या दुकानात जाणारा ग्राहक आपल्यापैकी अनेकांनी पाहिला आहे. म्हणून गूगलवर वस्तू किंवा सेवा शोधत येणाऱ्या अनोळखी ग्राहकाकडून आपल्याला मोठी आशा वाटते. आशा चुकीची नाही, हिशेब चुकतो तो मुदतीचा. कर्जाचा हप्ता ठरलेल्या तारखेला खात्यातून जातो, गूगलवरून येणाऱ्या ग्राहकाला अशी कोणतीही तारीख नसते.

आमच्या परिचयातील एका तरुणाने नागपुरात घरांच्या छतावर सोलर पॅनेल बसवून देण्याचा व्यवसाय सुरू केला. वेबसाइट करून देणाऱ्या एजन्सीने ‘तीन महिन्यांत गूगलवर पहिला नंबर, हमखास’ असे सांगून पैसे आगाऊ घेतले. तीन महिन्यांनी पहिला नंबर दाखवलाही. पण तो कशावर? त्याच्या स्वतःच्या कंपनीचे नाव टाकल्यावर! नव्या कंपनीचे नाव त्याच्या घरच्यांशिवाय कोण शोधणार? ‘नागपूर सोलर पॅनेल किंमत’ असे शोधले तर पहिल्या पाच पानांतही त्याचा पत्ता नव्हता.

पहिल्या क्रमांकाची हमी कोणीही देऊ शकत नाही, असे गूगल स्वतःच आपल्या मार्गदर्शनात सांगते. जाहिराती सोडून जे निकाल दिसतात, त्यांत वर आणण्यासाठी गूगल पैसेही घेत नाही. त्यामुळे ‘आमची गूगलमध्ये ओळख आहे’ असे सांगणाऱ्याला चहा पाजून निरोप द्यावा.

नव्या वेबसाइटला वेळ का लागतो, हे समजून घेऊ. आधी गूगलची यंत्रणा साइटवर येऊन पाने वाचते, मग ती आपल्या सूचीत नोंदवते आणि त्यानंतर कोणाच्या शोधाला कोणते पान दाखवायचे ते ठरवते. पान वाचले म्हणजे नोंदले जाईलच असे नाही आणि नोंदले म्हणजे वर दिसेलच असेही नाही. तिथे आधीपासून मोठ्या कंपन्या, सरकारी पोर्टल, वर्तमानपत्रे आणि जुन्या साइट बसलेल्या असतात. त्यांच्याकडे वर्षानुवर्षे इतर साइटवरून आलेले दुवे असतात, नव्या साइटकडे काहीच नसते. एसईओच्या कामाचा परिणाम दिसायला साधारण चार महिने ते एक वर्ष लागते, असे गूगलनेच २०१७ मध्ये एका व्हिडिओतून सांगितले होते. त्याच वर्षी एहरेफ्स या कंपनीने वीस लाख पाने तपासली. एका वर्षाच्या आत एखाद्या तरी शब्दासाठी पहिल्या दहात आलेली पाने होती फक्त ५.७ टक्के.

म्हणून ‘सोलर पॅनेल’ या दोन शब्दांच्या मागे लागू नये, तिथे नव्या माणसाला जागा नाही. ‘नागपूर ३ किलोवॅट रूफटॉप सोलर खर्च’, ‘नेट मीटरसाठी कोणती कागदपत्रे लागतात’ अशा लांब आणि नेमक्या शोधांवर स्वतःच्या अनुभवातून पाने लिहावीत. असे शोधणारे थोडे असतात, पण खरेच काम करून घ्यायचे असलेले असतात. लोक देवनागरीत शोधतात, रोमन लिपीतून मराठी टाइप करून शोधतात आणि फोनला तोंडीही विचारतात. आपले ग्राहक कसे विचारतात, ते फोनवर येणाऱ्या प्रश्नांवरून टिपून ठेवावे. पैसे देऊन शेकडो दुवे विकत घेण्याच्या पॅकेजपासून दूर राहावे. हे गूगलच्या नियमांविरुद्ध आहे आणि त्यातून साइट निकालांतून बाहेरही जाऊ शकते.

मग ताबडतोब ग्राहक हवे असतील तर? तिथे जाहिरात येते. गूगल अ‍ॅड्समध्ये जाहिरात त्याच दिवशीही दिसू शकते, पण पैसे थांबले की जाहिरातही थांबते. इथे प्रत्येक शोधाला लिलाव होतो आणि कोणी क्लिक केले की आपल्या खात्यातून पैसे जातात. त्याने फोन केला की नाही, याच्याशी त्या खर्चाचा संबंध नाही.

एक हिशेब मांडू. आकडे केवळ समजण्यासाठी घेतले आहेत. महिन्याला १०,००० रुपये आणि एका क्लिकला २५ रुपये धरले तर ४०० क्लिक मिळतात. शंभरात तिघांनी चौकशी केली तर १२ चौकश्या होतात. त्यातून एक काम मिळाले, तर त्या एका कामामागे जाहिरातीचा खर्च १०,००० रुपये, आणि १८ टक्के जीएसटी धरून ११,८०० रुपये. कामात १५,००० सुटत असतील तर हाती ३,२०० राहतात. ८,००० सुटत असतील तर ३,८०० चा तोटाच. पैसे भरण्याआधी स्वतःचे आकडे घालून हा हिशेब वहीत करावा. पहिल्या दोन-तीन महिन्यांत जाहिरातीतून नफ्यापेक्षा माहिती जास्त मिळते, म्हणजे कोणत्या शब्दाला फोन येतो आणि कोणत्या शब्दात पैसे बुडतात. या माहितीसाठी हातातली किती रक्कम गेली तरी चालेल, ते आधी ठरवावे. हप्त्याचे पैसे त्यात कधीही घालू नयेत.

पैसे कुठे बुडतात, याचे उदाहरण त्याच मित्राचे. जाहिरात ‘सोलर सिस्टीम’ या शब्दावर लावली होती. खात्यातील शोधशब्दांची यादी उघडली, तेव्हा क्लिक करणाऱ्यांत सूर्यमालेचे प्रोजेक्ट शोधणारी शाळेची मुले निघाली! ‘प्रोजेक्ट’, ‘ग्रह’, ‘जॉब’, ‘चित्र’ असे नको असलेले शब्द वगळण्याची सोय खात्यात असते, ती त्याला कोणी सांगितली नव्हती. ठिकाणाची सेटिंगही बघावी. मूळ सेटिंगमध्ये नागपुरात असलेल्यांबरोबर नागपूरमध्ये फक्त रस दाखवणाऱ्यांनाही जाहिरात दिसते. रोजचे बजेट ३०० ठेवले तरी एखाद्या दिवशी ६०० पर्यंत खर्च होऊ शकतो. महिन्याची मर्यादा मात्र रोजच्या रकमेच्या ३०.४ पट, म्हणजे ९,१२० रुपयांची असते.

स्थानिक व्यवसायाला वेबसाइटच्या आधी फायदा होतो तो बहुधा गूगल बिझनेस प्रोफाइलचा. नकाशावर दिसणारी ही नोंद मोफत आहे. शोधाशी असलेला संबंध, ग्राहकापासूनचे अंतर आणि व्यवसायाची प्रसिद्धी, यावर तिथला क्रम ठरतो. काम झालेल्या ग्राहकाला खरा अभिप्राय लिहिण्याची विनंती करावी. कार्यकर्त्यांच्या ग्रुपवर लिंक टाकून पन्नास जणांकडून पाच-पाच तारे घेण्याचा मोह आपल्याकडे फार असतो. ज्यांनी काम करून घेतलेले नाही त्यांचे अभिप्राय गूगलच्या नियमांत बसत नाहीत आणि ते काढले जाऊ शकतात.

प्रगती मोजायची तर गूगल सर्च कन्सोल हे मोफत साधन वापरावे. आपले पान किती वेळा दिसले, कोणत्या शब्दाला आणि कितव्या क्रमांकावर, हे त्यात कळते. चौथ्या महिन्यात क्लिक जेमतेम असले तरी दिसण्याचा आकडा वाढत असेल तर काम योग्य दिशेने आहे. सहा महिन्यांनीही पाने सूचीतच नसतील तर एजन्सीला जाब विचारावा.

तो विचारण्यासाठी चाव्या आपल्या हातात हव्यात. डोमेन, होस्टिंग, अ‍ॅड्स खाते, बिझनेस प्रोफाइल हे सारे आपल्या ईमेलवर आणि आपल्या नावावर असावे, एजन्सीला फक्त काम करण्यापुरती परवानगी द्यावी. आमच्या मित्राचे डोमेन एजन्सीच्या नावावर निघाले. पैसे थकल्याचे सांगून त्यांनी साइट बंद केली, तेव्हा त्याने नवे डोमेन घेतले आणि गूगलच्या लेखी तो पुन्हा पहिल्या दिवसावर आला. आता त्याला कामे मिळतात ती नकाशावरच्या नोंदीतून आणि आधी पॅनेल बसवलेल्या घरांच्या शेजाऱ्यांकडून. नवी साइट पाचव्या महिन्यात आहे आणि नेट मीटरच्या कागदपत्रांवर त्याने लिहिलेले पान दुसऱ्या पानावर दिसू लागले आहे.